नागपूरच्या हवेत फिल्म सपाट कशी ठेवायची: शार्प स्कॅनसाठी सविस्तर कृती

मे महिन्यात नागपुरात निगेटिव्ह स्कॅन करायला बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नवतपा सुरू असताना तर नाहीच. पारा ४५ च्या वर, हवेत ओलावा नावाला नाही, आणि स्लीव्हमधून, म्हणजे निगेटिव्ह ठेवायच्या पारदर्शक पाकिटातून, काढलेली पट्टी टेबलावर ठेवली की उन्हात घातलेल्या पापडासारखी दोन्ही कडांनी उचलली जाते. ती तशीच होल्डरमध्ये (स्कॅनरच्या फिल्म धरणाऱ्या चौकटीत) दाबून बसवली की स्कॅनमध्ये मधला भाग चांगला येतो, कडा मऊ येतात. मग माणूस आधी डीपीआय (एका इंचात किती ठिपके वाचायचे तो आकडा) वाढवतो, नंतर सॉफ्टवेअरमध्ये शार्पनिंग ओढतो आणि शेवटी महागड्या स्कॅनरच्या किमती बघायला लागतो.

घरगुती फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेच्या, स्कॅनरवर ६४०० डीपीआय छापलेलं असतं, पण प्रत्यक्षात मिळणारा तपशील त्याच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतकाच असतो. एप्सन व्ही ६०० असो की व्ही ८५०, गोष्ट थोड्याफार फरकाने हीच. जो काही हिस्सा मिळतो, तोही फिल्म ठरलेल्या उंचीवर आणि सपाट असेल तरच. म्हणून पैसे खर्च करण्याआधी खालचं सगळं करून बघा. यातल्या बऱ्याचशा गोष्टींना काचेचा एक तुकडा, जुनी एटीएम कार्डं आणि थोडा धीर एवढंच लागतं.

आधी दोष नेमका कुठे आहे ते बघा

एक अशी निगेटिव्ह निवडा, जी मुळातच शार्प आहे याची खात्री आहे. ट्रायपॉडवर काढलेली, चांगल्या उजेडातली. ती नेहमीसारखी स्कॅन करा, सगळं शार्पनिंग बंद ठेवून. मग स्क्रीनवर १०० टक्के मोठी करून पाच जागी बघा: मधोमध आणि चारही कोपरे. चित्र बघू नका, ग्रेन बघा, म्हणजे ज्या बारीक कणांनी फिल्मवर चित्र बनतं ते कण. चित्र कॅमेऱ्यातच हललेलं किंवा आउट ऑफ फोकस असू शकतं, पण ग्रेन फिल्मवरच असते. ती दिसत नसेल तर चूक स्कॅनिंगमध्ये आहे. ग्रेन टोकदार आणि चित्र मऊ असेल तर दोष फोटो काढतानाचा आहे, स्कॅनर बदलून तो जाणार नाही. फ्लॅटबेडवर बारीक ग्रेनच्या फिल्मचा एकेक कण सुटा दिसणार नाही, तिथे ओरखडे आणि धुळीचे कण बघा. तेही फिल्मच्याच पातळीवर असतात.

समजा अंबाझरी तलावावर काढलेला घरच्यांचा ग्रुप फोटो आहे. मधे बसलेल्या आजोबांच्या स्वेटरची वीण दिसते, ग्रेन दिसते, पण उजव्या आणि डाव्या टोकाला उभ्या असलेल्यांचे चेहरे सारखेच धूसर आहेत आणि तिथली ग्रेनही विरलेली आहे. याचा अर्थ फिल्मला बाक आहे. फक्त उजवीकडचेच धूसर असतील तर फिल्म तिरकी आहे, किंवा कॅमेऱ्याने स्कॅन करत असाल तर तो कॅमेरा तिरका आहे. सगळीकडे सारखंच मऊ असेल तर फिल्म सपाट आहे, पण चुकीच्या उंचीवर आहे. आणि प्रत्येक बारीक रेघ एकाच दिशेने दुहेरी दिसत असेल तर हादरा बसतोय. चारही दोषांवरचे उपाय वेगवेगळे आहेत आणि हा लेख मुख्यतः पहिल्यावर आहे, पण बाकीचे तीन दूर केल्याशिवाय पहिल्याचा उपाय लागू पडला की नाही हे कळतच नाही.

फिल्म वाकते का

फिल्म म्हणजे दोन थर. खाली प्लॅस्टिकचा बेस, बहुतेक रोल फिल्ममध्ये ट्रायअॅसिटेटचा, ३५ मिमी फिल्ममध्ये साधारण ०.१३ मिमी जाड. त्यावर जिलेटिनचं इमल्शन. जिलेटिन हवेतला ओलावा शोषतं आणि सोडतं, बेस त्या मानाने स्थिर राहतो. हवा कोरडी झाली की इमल्शन आकसतं आणि बेसला आपल्याकडे ओढतं. म्हणून फिल्म नेहमी इमल्शनच्या बाजूला वळते. हा आडवा बाक. दुसरा बाक लांबीचा, रोलमध्ये गुंडाळून राहिल्यामुळे आलेला. लांबीचा बाक वजनाखाली ठेवून बराचसा जातो. आडवा बाक हवामानाचा आहे, तो दाबून तात्पुरता जातो आणि हवा कोरडी असेल तर परत येतो. हा फरक लक्षात ठेवला की निम्मी धडपड वाचते.

इमल्शनची बाजू ओळखायची सोपी खूण: कडेवरचे आकडे आणि कंपनीचं नाव सरळ वाचता आलं तर तुमच्याकडे बेसची, चकचकीत बाजू आहे. पलीकडची, जरा मंद दिसते ती इमल्शनची. पुढे हे वारंवार लागणार आहे.

हंगाम आणि खोली

माझ्या मते नागपुरात स्कॅनिंगचा खरा हंगाम दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत. पावसाळ्यात फिल्म छान मऊ आणि सपाट असते, पण काचेला चिकटते, न्यूटन रिंग (काचेमुळे उमटणारी इंद्रधनुषी वर्तुळं) जास्त येतात आणि बुरशीची भीती असते. मार्चपासून हवा कोरडी होत जाते. शंभर निगेटिव्ह असतील तर हंगाम पाळणं सोपं आहे. ज्यांना उन्हाळ्यातच काम संपवायचं आहे, त्यांनी खोलीचा ओलावा ४० ते ५५ टक्क्यांत आणावा. ओलावा मोजणारा डिजिटल हायग्रोमीटर ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतो, आणि अंदाजाने काम करण्यापेक्षा तो घेतलेला बरा.

आपल्याकडे ओलावा वाढवायला कूलर घरोघरी असतोच. त्याचा उपयोग करा, पण झोत फिल्मवर घेऊ नका. वाळ्याच्या ताट्यांमधून येणाऱ्या हवेत धूळ असते आणि बारीक तुषारही. बोअरचं पाणी असेल तर ते वाळून क्षारांचे पांढरे ठिपके पडतात. शेजारच्या खोलीत कूलर चालू ठेवून मधलं दार उघडं ठेवणं, किंवा खोली तासभर कूलरवर ठेवून मग तो बंद करून कामाला बसणं, या दोन्ही रीती चालतात. एसीची खोली उन्हाळ्यात माणसाला बरी वाटते, पण एसी हवा आणखी कोरडी करतो. स्कॅनरसाठी ठीक, फिल्मसाठी नाही.

आणखी एक गोष्ट. बरेच लोक निगेटिव्हच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या बारा महिने ठेवतात. पावसाळ्यात त्या हव्यातच. होळी झाली की काढून टाका. एप्रिल-मेमध्ये त्या पुड्या उरलासुरला ओलावाही ओढून घेतात.

खूप वळलेल्या पट्ट्यांसाठी: हवाबंद झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा घ्या, तळाशी वाटीत ओला करून पिळलेला फडका, वर जाळी किंवा उलटी ताटली, त्यावर उघड्या पट्ट्या, बाजूला हायग्रोमीटर. फडका फिल्मला लागता कामा नये. ५५ टक्क्यांच्या आसपास दोन-तीन तास पुरेत. ६५ च्या वर जाऊ देऊ नका आणि रात्रभर विसरू नका. ओलसर जिलेटिन बोटाच्या ठशासाठी आणि बुरशीसाठी सारखंच आमंत्रण आहे.

घरी धुणाऱ्यांसाठी

कृष्णधवल फिल्म घरी डेव्हलप करत असाल तर बाक आवरायची पहिली संधी वाळवतानाच असते. हेअर ड्रायर नको, पंख्याखाली नको, गच्चीवर तर मुळीच नको. आंघोळ झाल्यावर बाथरूममध्ये जो दमटपणा राहतो, त्यात दार बंद करून फिल्म टांगा. हवेतली धूळही तोवर खाली बसलेली असते. वर एक क्लिप, खाली जड क्लिप. खालचं वजन हलकं असेल तर फिल्म वाळताना पिळते.

शेवटचं पाणी डिस्टिल्ड वापरा, बॅटरीच्या दुकानात कॅन मिळतो. त्यात वेटिंग एजंट (पाणी थेंब न राहता ओघळून जावं म्हणून घालायचा द्रव) बाटलीवर लिहिलंय तेवढाच घाला. कोडॅक फोटो-फ्लो २०० साठी ते प्रमाण १ भागाला २०० भाग पाणी आहे. जास्त घातलं तर चिकट थर राहतो आणि धूळ बसते. फिल्म पूर्ण वाळली की लगेच सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्या कापून स्लीव्हमध्ये घाला. रोल करून ठेवलीत तर लांबीचा बाक तुम्हीच लावून घेताय.

वजनाखाली ठेवणं

स्लीव्हमधल्या पट्ट्या एका सपाट काचेवर किंवा गुळगुळीत प्लायवर ठेवा, वर तसाच दुसरा तुकडा आणि त्यावर जाड पुस्तकं. आठवडाभर राहू द्या. घाई असेल तर दोन-तीन दिवसांतही फरक दिसतो. पुस्तकं थेट स्लीव्हवर ठेवू नका, बांधणीचा उंचवटा पट्टीवर उमटतो.

उलटा रोल करण्याचा जुना उपाय आहे: इमल्शन बाहेरच्या बाजूला येईल असं फिल्म चारेक इंच व्यासाच्या गुळगुळीत नळीवर सैल गुंडाळून रात्रभर ठेवायची. ताज्या, न कापलेल्या रोलवर लांबीचा बाक काढायला हा चालतो. जुन्या, ठिसूळ निगेटिव्हवर करू नका, इमल्शनला तडे जातात. इस्त्रीचा उपाय कोणी सुचवला तर हात जोडून नको म्हणा.

फ्लॅटबेड: आधी योग्य उंची शोधा

व्ही ६०० सारख्या स्कॅनरला ऑटोफोकस नसतो. लेन्स एका ठरावीक उंचीवर फोकस असते आणि ती उंची प्रत्येक मशीनमध्ये थोडी वेगळी निघते. व्ही ७०० ते व्ही ८५० या मालिकेत दोन लेन्स आहेत: एक काचेवर ठेवलेल्या वस्तूसाठी, दुसरी काचेच्या सुमारे ३ मिमी वर असलेल्या होल्डरसाठी. सॉफ्टवेअरमध्ये होल्डरचा पर्याय निवडला तरच दुसरी, चांगली लेन्स वापरली जाते. हे न बघता तासन् तास उंची बदलत बसणारे लोक आहेत.

उंची शोधायला एटीएम कार्डासारखं साधन नाही, कारण त्याची जाडी मानकानुसार ०.७६ मिमी असते. मुदत संपलेली कार्डं जमवा. वर आकडे उठावदार असतील तर त्या पट्ट्या कापून टाका. बारीक फरकासाठी कॉपीयर कागद, एक कागद साधारण ०.१ मिमी.

आता २०० मिमी लांबीची एक पातळ काच घ्या. तिच्या खालच्या बाजूला एक शार्प, टाकाऊ निगेटिव्ह पट्टी कडेकडेने टेपने चिकटवा, म्हणजे फिल्म स्कॅनरकडे आणि काच वर. काचेचं एक टोक स्कॅनरवर टेकवा, दुसरं सात कार्डांवर. सात कार्डं म्हणजे ५.३२ मिमी. आता फिल्म तिरकी आहे, आणि तिच्यावरचा प्रत्येक बिंदू वेगळ्या उंचीवर आहे. होल्डरच्या मोडमध्ये, जास्तीत जास्त डीपीआयवर स्कॅन करा आणि ग्रेन सर्वात टोकदार कुठे आहे ते शोधा. टेकलेल्या टोकापासून ते अंतर समजा १२० मिमी आलं. मग उंची १२० × ५.३२ ÷ २००, म्हणजे सुमारे ३.२ मिमी. ही तुमच्या मशीनची उंची. ती स्कॅनरच्या झाकणाच्या आत चिठ्ठी लावून लिहून ठेवा.

होल्डरचे पाय बदलता येत असतील तर तेवढ्यावर आणा, नाहीतर पायाखाली कागदाचे तुकडे चिकटवा. दोन गोष्टी सांभाळा. स्कॅनरच्या काचेच्या एका टोकाला कॅलिब्रेशनची मोकळी जागा असते, ती तुमच्या काचेने किंवा कार्डाने झाकली तर स्कॅनवर उभ्या रेघा येतात. आणि काच फिल्मच्या वर आहे की खाली, याने फोकस बदलतो. लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये काच आली तर फोकस काचेच्या जाडीच्या साधारण एक-तृतीयांशाने पुढे सरकतो. २ मिमी काच असेल तर जवळपास ०.७ मिमी. म्हणजे फिल्मही तेवढी वर उचलावी लागेल. शिवाय दोन नव्या पृष्ठभागांवर धूळ. म्हणून फ्लॅटबेडवर काच फक्त फिल्मच्या वर ठेवणं मला पसंत आहे.

वरची काच आणि तिची बाजू

बाक काढायचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे वरून काच. पण साधी काच फिल्मच्या चकचकीत बेसवर ठेवली की न्यूटन रिंग येतात: काच आणि बेस यांच्यातल्या अतिशय पातळ हवेच्या थरात प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून होणारी इंद्रधनुषी वर्तुळं. स्कॅन झाल्यावर ती काढणं फार कष्टाचं. उपाय अँटी-न्यूटन काच, जिची एक बाजू अगदी बारीक खरखरीत केलेली असते. दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना पूर्ण चिकटत नाहीत, वर्तुळं बनत नाहीत.

आता हे एकत्र करा. फिल्म इमल्शनच्या बाजूला वळते. ती इमल्शन खाली करून ठेवली तर कडा खाली झुकतात, पोट वर येतं, आणि वरची काच त्या पोटावर बसते. बेस वरच्या बाजूला असतो, म्हणजे काचेची खरखरीत बाजू नेमकी चकचकीत बेसला लागते, जिथे तिची गरज आहे. इमल्शन खाली मोकळं, त्यात आणि लेन्समध्ये स्कॅनरच्या काचेशिवाय दुसरं काही नाही. स्कॅन आरशातल्यासारखा उलटा येईल, तो सॉफ्टवेअरमध्ये आडवा पलटवून (फ्लिप करून) घ्या.

अँटी-न्यूटन काच कुठून आणायची? होल्डरसोबत विकत मिळते, महाग पडते. दुसरा मार्ग: जुन्या स्टुडिओंचे एनलार्जर (निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायची यंत्रं) भंगारात निघतात, त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह कॅरिअरमध्ये वरची काच बऱ्याचदा अँटी-न्यूटन असते. तिसरा, फोटो फ्रेमवाल्याकडची नॉन-रिफ्लेक्टिव्ह काच. सीताबर्डी किंवा महालात कोणत्याही फ्रेमवाल्याला विचारा, मापाने कापून, कडा घासून मागा. पण आधी लहान तुकडा आणून तपासा, कारण तिचा खरखरीतपणा अनेकदा जाड असतो आणि मोकळ्या आकाशाच्या भागात तो ठिपक्यांसारखा दिसतो. १२० फिल्मवर (सुमारे ६ सेंमी रुंद रोलवर) आणि फ्लॅटबेडवर ती बहुतेक निभावते, ३५ मिमीवर कॅमेऱ्याने स्कॅन करताना सहसा नाही.

काच जागेवर बसली की तीन-चार मिनिटं थांबा. दिव्याची ऊब आणि खोलीची हवा लागून फिल्म पुन्हा थोडी सरकते. घाईने पहिला स्कॅन घेतला तर दुसरा त्याहून वेगळा येतो.

डेडिकेटेड फिल्म स्कॅनर

निकॉन कूलस्कॅनसारख्या स्कॅनरमध्ये ऑटोफोकस आहे, पण डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे फोकसमध्ये राहणारी जाडी, फार कमी, त्यामुळे बाक इथे फ्लॅटबेडपेक्षाही जास्त बोचतो. यात फोकसचा बिंदू स्वतः निवडता येतो. तो मधोमध ठेवू नका. मध्यापासून कडेपर्यंतच्या निम्म्या अंतरावर ठेवा, म्हणजे चूक दोन्हीकडे वाटली जाते. १२० साठी कूलस्कॅन ८००० आणि ९००० ला काचेचा होल्डर मिळत असे. तो वापरलेला मिळाला तर सोडू नका. प्लसटेकच्या ३५ मिमी स्कॅनरमध्ये फोकस पक्का असतो, त्यामुळे तिथे वर सांगितलेली आधीची तयारी हाच खरा उपाय. हॅसलब्लाडच्या फ्लेक्सटाइटने हा प्रश्न वेगळ्याच तऱ्हेने सोडवला: फिल्म मुद्दाम एका दिशेने वळवायची, म्हणजे आडव्या दिशेने ती ताठ राहते, आणि तेवढीच ओळ वाचायची. ड्रम स्कॅनरही फिल्म ड्रमवर गुंडाळूनच वाचतो.

कॅमेऱ्याने स्कॅन करताना

आता बहुतेक लोक डिजिटल कॅमेरा, मॅक्रो लेन्स आणि एलईडी पॅनल वापरतात. इथे सपाटपणाचं गणित उघड दिसतं. २४ मेगापिक्सलचा फुल फ्रेम कॅमेरा, ३५ मिमी निगेटिव्ह, १:१ वर (सेन्सरवर निगेटिव्हएवढंच चित्र), लेन्सचं छिद्र एफ ८. दोन पिक्सलइतकी धूसरता चालवून घेतली तरी फोकसमध्ये राहणारी एकूण जाडी साधारण ०.४ मिमी, म्हणजे वर-खाली ०.२. एफ ५.६ वर ती पाव मिलिमीटरच्या आसपास येते. कोरड्या हवेत पट्टीचा बाक एका मिलिमीटरच्या पुढे सहज जातो. छिद्र आणखी लहान करून सुटका नाही: १:१ वर एफ ८ प्रत्यक्षात एफ १६ सारखं वागतं आणि एफ ११ च्या पुढे विवर्तनाने (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) सगळंच मऊ होऊ लागतं. १२० फिल्मवरची ६×६ सेंमीची निगेटिव्ह त्याच कॅमेऱ्याने घेतली तर जाडी दीड मिलिमीटरच्या घरात जाते, कारण इथे लहान करून टिपतोय. पण १२० फिल्म रुंद असल्याने तिचा बाकही मोठा असतो. म्हणून १२० ला काच, ३५ मिमीला घट्ट धरणारा होल्डर, असा माझा हिशोब आहे. निगेटिव्ह सप्लाय किंवा व्हालॉय यांचे होल्डर कडांवरून पट्टी ताणून ओढतात, काचेशिवाय काम होतं.

कृती अशी. पॅनल होल्डरच्या खाली तीन-चार सेंटीमीटर अंतरावर ठेवा, पॅनलवरची धूळ आणि त्याची जाळी फोकसमध्ये यायला नको. कॅमेरा स्टँडवर, लेन्स खाली. होल्डरच्या जागी लहान सपाट आरसा ठेवा आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब बघा. लेन्सचं वर्तुळ फ्रेमच्या बरोबर मधे येईपर्यंत कॅमेरा हलवा. हे झालं की कॅमेरा आणि फिल्म समांतर आहेत. पाणसळीपेक्षा हे कितीतरी अचूक आहे. मग आरसा काढा, फिल्म लावा, लाइव्ह व्ह्यू पूर्ण मोठा करा आणि ग्रेनवर हाताने फोकस करा, पुन्हा मध्य आणि कड यांच्या दरम्यान. ऑटोफोकस बंद ठेवा.

सीलिंग फॅन बंद. ऑक्टोबरमध्ये घाम येतो हे मान्य, पण लाकडी टेबलावरचा कॉपी स्टँड पंख्याने हलतो आणि ते दुहेरी रेघांनी कळतं. दोन सेकंदांचा टायमर आणि असेल तर इलेक्ट्रॉनिक शटर लावा. घर रस्त्याला लागून असेल तर रात्री उशिरा बसा, जड ट्रकचा धक्काही १:१ वर दिसतो.

स्लाइड

कार्डबोर्डच्या माउंटमधली स्लाइड मधोमध फुगलेली असते आणि उबेने एकदम दुसऱ्या बाजूला उडी मारते. महत्त्वाची असेल तर माउंट ब्लेडने अलगद उघडून फिल्म काढा आणि काचेच्या माउंटमध्ये घाला. बाकीच्यांना फोकस मध्य-कडेच्या दरम्यान ठेवून निभावून न्या. शेकडो स्लाइड उघडत बसणं फायद्याचं नाही.

वेट माउंटिंग

फिल्म आणि काच यांच्यात खास द्रव भरला की हवेचा थर जातो, न्यूटन रिंग जातात, बारीक ओरखडे भरून निघतात आणि फिल्म पूर्ण सपाट होते. निकाल उत्तम, पण हे द्रव ज्वलनशील असतात आणि नागपूरच्या उन्हाळ्यात ते क्षणात उडतात. स्वयंपाकघराजवळ नको, बंद खोलीत नको, देवघरातला दिवा चालू असताना नको. स्पर्धेसाठी किंवा मोठ्या प्रिंटसाठी एखादी फ्रेम असेल तरच हा खटाटोप करावा.

ज्या निगेटिव्ह दाबू नयेत

घरातल्या जुन्या ट्रंकेत अॅग्फा क्लिक ३ ने काढलेल्या ६×६ च्या सुट्या निगेटिव्ह असतात, काही उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सच्या इंदू फिल्मवरच्या. ट्रंक माळ्यावर, वर टिनाचं छत असेल तर तिने कित्येक उन्हाळे सोसलेले असतात. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर अॅसिटेटचा बेस मोडायला लागलाय. अशी फिल्म आकसते, लाटांसारखी वळते, आणि वजनाखाली ठेवली तर बेसपासून इमल्शन सुटतं. ती बाकीच्या निगेटिव्हपासून लगेच वेगळी करा, कारण तो आंबट वायू शेजारच्या फिल्मलाही लागतो. बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, कागदी पाकिटात ठेवा आणि आधी तिचं स्कॅनिंग उरका. दाब न देता, काच न ठेवता, कॅमेऱ्याने, एफ ८ वर, आणि बाक जास्त असेल तर दोन-तीन फोकस बदलून शॉट घ्या आणि सॉफ्टवेअरमध्ये जोडा. कडेवर सेफ्टी हा शब्द नसलेली, १९५० च्या आधीची फिल्म सापडली तर ती नायट्रेटची असू शकते. ती अतिशय ज्वलनशील असते. तिला दिवा किंवा उन्हाजवळ नेऊ नका आणि अभिलेखागारातल्या जाणकाराला दाखवल्याशिवाय पुढचं काही करू नका.

स्कॅन झाल्यावर

चांगली सपाट आलेली पट्टी तशीच राहावी म्हणून ती उभ्या फायलीत न ठेवता आडव्या डब्यात ठेवा, उभ्या पानांत स्लीव्ह स्वतःच्या वजनाने वाकतात. डबा भिंतीतल्या कपाटात, जमिनीपासून वर, पश्चिमेच्या भिंतीला टेकलेला नको. शार्पनिंग सगळ्यात शेवटी, अंतिम आकार ठरवल्यावर, आणि थोडंच. स्कॅन मुळात नीट असेल तर शार्पनिंगची त्रिज्या (रेडियस) एक पिक्सलच्या आत पुरते. त्याहून जास्त ओढावंसं वाटलं तर पुन्हा पाच जागी ग्रेन बघा.